चार मुले आणि एक ठेका

‘बीट’ म्हणजे ठेका. १९६३-६४ च्या सुमारास लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ नावाच्या चार तरुणांनी ठेक्यावर भर देणारे जे गाणे जगभर नेले, त्याला हेच नाव पडले. त्याची मांडणी सुटसुटीत आहे : विजेवर वाजणाऱ्या दोन गिटारी, खर्जातील एक बेस गिटार आणि ड्रम्स. आपल्या मैफलीत गवई मध्यभागी बसतो आणि तबलजी व पेटीवाले त्याची साथ करतात. येथे साथीदार असा कोणी नाहीच. वाजवणारेच गातात आणि चौघांचा मान सारखा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना या गाण्याची ओढ लागली, ती सुरांइतकीच या बरोबरीमुळेही लागली असावी.

मुंबईत त्या दशकात जेट्स, मिस्टिक्स, सॅव्हेजेस अशी पथके निघाली. या हौशी मुलांना गुरू नव्हता; तबकडी हाच गुरू. सुई त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा ठेवायची, शब्द कानाने टिपायचे आणि बोटे तारांवर चाचपडत न्यायची. तबकड्या महाग खऱ्या, पण रेडिओला अंतर ठाऊक नसते. लघुलहरींवरचे रेडिओ सिलोन दादरला लागे, तसे नर्मदाकाठच्या तिलवाऱ्यालाही लागे. खरी अडचण वाद्यांची होती. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गिटार दुर्मीळ; मग देशी बनावटीची गिटार आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जोडून घेतलेला अँप्लिफायर यांवर भागवावे लागे.

तरीही नक्कल ती नक्कलच. या मुलांना स्वतःचे काही रचायला लावले ते, गंमत अशी की, एका सिगारेटने! इंपीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात देशभरची पथके जमली : मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेंटोन्स. एक रचना स्वतःची हवी, अशी अट होती. १९७० आणि १९७१ च्या पथकांच्या तबकड्याही निघाल्या.

पण स्वतःची म्हटलेली ही गाणीही इंग्रजीतच. ज्यांच्या घरी मराठी, बंगाली वा तमिळ बोलली जाई, त्यांनाही मनातले परभाषेत सांगावेसे वाटले, याला केवळ फॅशन म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजी शब्द आखूड आणि आघातप्रधान, म्हणून ते ठेक्यावर चटकन बसतात. मराठीत वजन ऱ्हस्वदीर्घाचे असते. तिला या ठेक्यावर बसवायचे तर वेगळी घडण करावी लागते.

ती घडण रंगभूमीवर झाली. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या ‘वेल्वेट फॉग’ या पथकाचे गायक. १९७४ मध्ये अॅलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ मध्ये ते जूडास झाले. पुढे पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली तो रंगमंचावर आणला. त्यात भेंडे अंकुश झाले. नाट्यसंगीत आणि तमाशा यांच्या शेजारी तो पाश्चात्त्य ठेका मराठी शब्द घेऊन उभा राहिला. सिमला बीट स्पर्धा तोवर बंद पडली होती.