दहा दिवसांत पुन्हा शिवलेला विवाहवेष

लग्नसराईत आपल्या घराघरांतून एक प्रसंग ठरलेला असतो. मुहूर्त चार दिवसांवर येऊन ठेपतो, पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, आणि नवरीच्या शालूवरचे पोलके अजून शिंप्याकडेच असते. निरोपावर निरोप जातात. 'उद्या नक्की' एवढेच उत्तर येते. त्या 'उद्या'च्या आड दुकानात काय घडले असेल, हे आपण सहसा विचारीत नाही. दुसऱ्याच्या मंगलकार्यासाठी राबणाऱ्या अशाच दोन हातांची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती अमेरिकेतील आहे आणि सत्तर वर्षांपूर्वीची आहे. परंतु ज्यांच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर व्यवहार होत आले, त्यांना ती परकी वाटू नये.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे जॅकलीन बुव्हिए हिचा विवाह तरुण सिनेटर जॉन केनेडी यांच्याशी झाला. पुढे वर राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या विवाहाची छायाचित्रे जगभर पोहोचली. वधूचा वेष हस्तिदंती रंगाच्या रेशमी टाफेट्याचा होता. त्यास ५० वार कापड लागले होते. रुंद गळा, अंगास घट्ट बसणारी चोळी, तिच्यावर चुण्यांचे पट्टे, आणि खाली विस्तीर्ण घेर. त्या घेरावर चुण्यांची मोठमोठी वर्तुळे उठविलेली होती व मधून मधून मेणाची इवली फुले टाचलेली होती. मस्तकावर आजीकडून आलेले जुने लेसचे वस्त्र होते. सारा थाट मागच्या शतकातील घेरदार पेहरावाची आठवण देणारा. वधूला स्वतःला साधा, नव्या धाटणीचा वेष हवा होता, पण वडीलधाऱ्यांपुढे तिचे चालले नाही, असे सांगतात. (हे वाचून आपल्याकडील कित्येक नववधू मनातल्या मनात हसतील.)

हा वेष शिवला ॲन लो यांनी. अलाबामा राज्यातील या कृष्णवर्णीय बाईंच्या घरी शिवण पिढीजात होते. आजी गुलामगिरीत जन्मलेली. ती आणि आई दोघीही श्रीमंत गोऱ्या स्त्रियांचे पोशाख शिवीत. आईच्या कामातून उरलेल्या चिंध्यांची फुले करता करता ॲनच्या हाती सुई आली. १९१४ साली आई वारली, तेव्हा गव्हर्नरांच्या पत्नीसाठी घेतलेले पोशाख अर्धवट पडले होते. पोरवयातल्या मुलीने ते पुरे करून दिले. आईने दिलेला शब्द लेकीने पाळला, आणि तोच तिच्या धंद्याचा आरंभ ठरला. पुढे न्यूयॉर्कच्या एका शिवणशाळेत ती गेली, तेव्हा वर्णामुळे तिला इतर विद्यार्थिनींपासून दूर, वेगळ्या खोलीत बसवीत. तिचे काम मात्र वर्गात नमुना म्हणून दाखवीत!

१९५३ सालच्या त्या विवाहासाठी तिच्याकडे वधूचा आणि करवल्यांचा वेष, असे काम आले होते. सुमारे दोन महिने खपून ते तयार झाले. विवाहास दहा दिवस उरले असता तिच्या कारखान्यात पाणी शिरले. १५ पोशाखांपैकी १० बिघडले. त्यांत वधूचा वेषही होता. रेशमाचे व्यवहार करणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. टाफेट्याची सारी शोभा त्याच्या ताठपणात आणि तकाकीत असते. त्यावर पाण्याचे ओघळ उमटले म्हणजे ते कापड विवाहाच्या उपयोगाचे राहत नाही. शिवाय चुण्या उसवून पुन्हा घालाव्या, तर सुईची जुनी भोके दिसतात. तेव्हा डागडुजीचा मार्ग बंद होता. नवे कापड आणून पहिल्या कातरीपासून आरंभ करणे एवढेच उरले.

ॲनबाईंनी तेच केले. जादा मजुरी देऊन, रात्रीचा दिवस करून दहा दिवसांत सर्व पोशाख पुन्हा उभे केले. ज्या कामात ७०० डॉलर नफा दिसत होता, त्यात २२०० डॉलर खोट आली. वधूकडील मंडळींस त्यांनी अवाक्षर कळविले नाही.

येथे व्यापारी मन थबकते. ही निष्ठा थोर खरी. पण हा हिशेब बरा नव्हे. गिऱ्हाईक सधन होते, आपत्ती दैवी होती. मोकळेपणाने सांगितले असते तर नव्या कापडाची किंमत कदाचित मिळाली असती. दरात कमी धरण्याची बाईंची खोड जुनीच होती, आणि पुढे तिने त्यांना कर्जात लोटले. तथापि त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. वर्णामुळे अगोदरच संशयाने पाहणाऱ्या समाजात 'माल बिघडला' हे वाक्य उच्चारणे त्यांना परवडणारे होते काय? गोऱ्या कारागिराला अपघात होतो. त्यांच्या बाबतीत तो नालायकीचा पुरावा ठरला असता. मौनाची किंमत २२०० डॉलर होती, आणि ती त्यांनी जाणून मोजली, असे मला वाटते.

मात्र एका ठिकाणी त्या मौन राहिल्या नाहीत. पोशाख घेऊन त्या न्यूपोर्टच्या वाड्यावर गेल्या, तेव्हा त्यांना मागील नोकरांच्या दाराने येण्यास सांगण्यात आले. मागच्या दाराने यावयाचे असेल तर पोशाख परत जातील, असे त्यांनी बजावले. पुढचे दार उघडले.

विवाहाची वर्णने रकानेच्या रकाने छापून आली. वेषाचे बारकावे आले, शिवणारीचे नाव बहुतेक ठिकाणी आले नाही. पुढे १९६१ साली एका मासिकाने तिचा उल्लेख केला तो नाव न देता, केवळ वर्णावरून. आपले नाव गाळले गेल्याचे दुःख त्यांनी जॅकलीनबाईंना पत्राने कळविले. काही काळाने करखात्याच्या थकबाकीने दुकान बुडाले आणि डोळेही अधू झाले. ती थकबाकी कोणा अनामिकाने भरून टाकली. भरणारी व्यक्ती जॅकलीनच असावी, असे ॲनबाई अखेरपर्यंत मानीत. १९८१ साली त्या वारल्या.

मूळ वेष आज बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. रेशीम इतके जीर्ण झाले आहे की तो उभा करून मांडता येत नाही. म्हणून २०२३ साली डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालयाने ॲनबाईंच्या कामाचे प्रदर्शन भरविले, तेव्हा डेलावेअर विद्यापीठातील शिक्षिका कात्या रोल्स यांनी त्याची प्रतिकृती शिवून दिली. त्यासाठी त्यांनी मूळ वेषाची तपासणी केली, मापे घेतली आणि चुण्यांची ती वर्तुळे नव्या कापडावर पुन्हा बसविली. म्हणजे हा वेष आता तिसऱ्यांदा शिवला गेला. या वेळी प्रदर्शनाच्या शीर्षकातच शिवणारीचे नाव होते.