कापूर, काजळी आणि कार्बनच्या नलिका

कयाधूच्या काठी, संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य असलेल्या नरसीत, आरतीनंतर तबकातला कापूर विझून पितळेवर जो बोटाला माखणारा काळा डाग उरतो, त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका असणार, असा तर्क कोणी केला तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कारण मुंबईच्या आय. आय. टी.त महेश्वर शरॉन यांनी कापरापासून कार्बनचे नवे प्रकार मिळविण्याचा पाया घातला आणि २००३ साली जपानच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी त्याच्यापासून नलिकाही सिद्ध केल्या. मात्र तेथे नळीत आरगॉन वायू, लोहाचा उत्प्रेरक आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान यांची तजवीज होती. उघड्या ज्योतीची काजळी म्हणजे बहुतांशी विस्कळीत कणांचा ढीग.

दुसरा समज असा की, कार्बन काळा, सबब तो मिसळलेले प्लास्टिकही काळेकुट्टच होणार. वस्तुतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) नलिका अत्यल्प प्रमाणात नीट विखुरल्या, तर फिकट करड्या पापुद्र्याखालचे छापील अक्षर खुशाल वाचता येते. अंगच्या रंगाविषयी म्हणाल, तर कार्बनचा पत्रा कोणत्या कोनात गुंडाळला गेला यावर नलिका धातूसारखी वागणार की अर्धवाहकासारखी, आणि कोणता प्रकाश शोषणार, हे ठरते. एकाच जातीच्या निवडलेल्या नलिकांचे एक द्रावण तर चक्क जांभळे दिसते!

बहुवारिक म्हणजे निव्वळ डिंक, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. नलिका स्वभावतः जुड्या बांधून राहतात, आणि जुडीतल्या धातुधर्मी नलिका शेजारणीने शोषलेली ऊर्जा प्रकाश होण्यापूर्वीच गिळतात. म्हणूनच २००२ साली राइस विद्यापीठातील संशोधकांनी साबणासारख्या द्रव्याने त्या सुट्या केल्या, तेव्हा कुठे त्यांचे अवरक्त अनुस्फुरण प्रथम दिसले. हेच विलगीकरण बहुवारिकाची साखळी नलिकेभोवती लपेटून करते, आणि २००७ साली ऑक्सफर्डमध्ये दिसून आले की, पॉलिफ्लुओरिन तर नेमक्या अर्धवाहक नलिकाच निवडून घेते.

सुट्या नलिका विखुरलेल्या बहुवारिकाच्या पापुद्र्याला आज लेसरमध्ये प्रत्यक्ष नोकरी आहे: मंद प्रकाश तो शोषतो, प्रखर स्पंदाला मात्र वाट देतो, आणि त्यामुळे लेसरचा अखंड झोत सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान स्पंदांत विभागला जातो.