दोन याद्या

नववीच्या राज्यशास्त्रात ‘भारत व अन्य देश’ हा धडा आहे. डहाणूजवळच्या चिखल्यात तो शिकवायचा म्हणजे मी आधी भिंतीवर नकाशा लावतो आणि मुलांना डहाणूपासून किनाऱ्याने बोट फिरवायला सांगतो: वेरावळ, पोरबंदर, ओखा. ही नावं त्यांना पुस्तकाआधीच ठाऊक असतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची माणसं गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओख्यापलीकडे कच्छ, आणि कच्छच्या टोकाला सर क्रीक.

ही ९६ किलोमीटरची खाडी. मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाचा आधार घेऊन पाकिस्तान अख्खी खाडी आपली म्हणतं. भारताच्या मते सीमा खाडीच्या मधून जाते. मुखाशीच वाद, म्हणून पुढच्या समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. “सर, पाण्यात रेघ दिसते का?” हा प्रश्न येतोच. दोन्ही देशांनी मान्य केलेली रेघ तिथं नाही, हे उत्तर ऐकून वर्ग गप्प होतो. त्या पाण्यात पाकिस्ताननं धरलेले आपले खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात.

मग मी अशा कैद्यांबाबतच्या भारत-पाकिस्तानच्या २१ मे २००८ च्या करारावर येतो आणि त्यावर भरपूर वेळ घालवतो. अलिप्ततावादाची व्याख्या मुलं पाठ करतात. हा करार मात्र त्यांना समजावा असं मला मनापासून वाटतं. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं, की महिन्याभरात परत पाठवायचं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत लष्करी संघर्ष झाला, तरी १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, आपल्या यादीत त्यांचे ८१. हे दोन्ही आकडे मी फळ्यावर शेजारी-शेजारीच लिहितो. त्या ८१ जणांच्या घरीही कुणी वाट पाहत असतं, हे नववीतल्या मुलाला कळायलाच हवं.

मुलं सर्वांत जास्त अडतात ती राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीपाशी. शिक्षा संपलेला माणूस सुटत का नाही? कारण तो भारतीय आहे हे आधी भारतानं सांगावं लागतं. त्यानं तुरुंगात सांगितलेलं नाव-गाव दिल्लीमार्गे राज्याकडे येतं, तिथून पोलीस ठाण्यात, आणि शेवटी पाड्यावर. नावात, बापाच्या नावात एका अक्षराचा फरक पडला तरी काम लांबू शकतं. परराष्ट्र धोरण इथं रेशनकार्डावरच्या स्पेलिंगवर येऊन ठेपतं.

म्हणून या धड्याचा गृहपाठ मी पुस्तकाबाहेरचा देतो. घरातलं किंवा शेजारचं कुणी बोटीवर असेल, तर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचा फोन, बंदर आणि त्या माणसाच्या आधारकार्डाची झेरॉक्स घरात एका पिशवीत ठेवायची. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का, ते मुलानंच तपासायचं. अमेरिका, रशिया, चीन त्यानंतरच्या तासाला.