सुरतेच्या स्वयंपाकघरातली स्वाहिली

रांदेरची माणसं रंगूनला गेली, तशी सुरत-नवसारीकडची कित्येक कुटुंबं पूर्व आफ्रिकेत गेली. मुंबईहून ‘करांजा’ किंवा ‘कंपाला’ आगबोट धरायची नि मोंबासाला उतरायचं.

तिथली मुलं शिकत कशी? केनियात इंग्रजी अमलात शाळा वंशाप्रमाणे वेगळ्या होत्या: युरोपियनांची निराळी, एशियनांची निराळी, आफ्रिकनांची निराळी. एशियन शाळेतली मोठी मुलं केंब्रिजच्या परीक्षेला बसत. घरी गुजराती, वर्गात इंग्रजी आणि घरकामाच्या माणसाशी स्वाहिली, अशा तीन भाषा पोराच्या तोंडी असत. त्या घरकाम करणाऱ्याचं पोर मात्र त्याच्या बाकावर बसत नसे. ही भिंत १९६३ साली केनिया स्वतंत्र होईपर्यंत बव्हंशी टिकली.

शेजारच्या युगांडात ऑगस्ट १९७२मध्ये इदी अमीननं एशियनांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. बरेचजण ब्रिटनला गेले, काही भारतात परतले. घरंदारं, दुकानं तिकडेच राहिली. शब्द तेवढे बरोबर आले. कसाव्याला ‘मोगो’, शेंगदाण्याला ‘जुगू’, पातेल्याला ‘सुफुरिया’, झाडूला ‘फागियो’. मूळ स्वाहिलीतले मुहोगो, न्जुगु गुजराती जिभेवर असे घोळले.

हे शब्द बोलणारी पिढी आता थकली आहे. आपल्या शेजारी अशी एखादी बा असेल, तर तिच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. आणि तिकडच्या शाळेचं प्रगतिपुस्तक सापडलं, तर ते रद्दीत घालू नका. आपल्या शहराचा इतिहास त्यातही आहे.