परसबागेतील डास आणि घरगुती उपाय

ज्यांच्या घरामागे परस आहे त्यांना डासांची ओळख करून द्यायला नको. भेंडी, दोडक्याचा वेल, मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू हे सारे जेथे सुखाने वाढते, तेथे डासही सुखाने वाढतात; कारण दोघांनाही ओल आणि सावली हवी असते. परसात काम करायची वेळ म्हणजे सकाळी ऊन चढण्यापूर्वीची आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरची. डासांचीही वेळ नेमकी तीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई मात्र रोज दोन्ही वेळा त्या वाफ्यांत वाकलेली असते. गेल्या श्रावणात माझ्या चुलतीला डेंग्यू झाला. ती अंथरुणाला खिळली आणि तिची भेंडी झाडावरच जून झाली. ज्या घराचा आठवड्याचा बाजार परसावर चालतो, तेथे डास ही नुसती खाजेची गोष्ट राहत नाही.

प्रथम शत्रू ओळखला पाहिजे. चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. आपला श्वास, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागाने मादी येते. डासांच्या तीन जाती आपल्याला विशेष त्रास देतात. अ‍ॅनोफिलीस हिवताप पसरवतो. हा संबंध रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे शोधला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकुनगुन्या देतो. भाजी खुडणाऱ्या बाईला सर्वांत जास्त भीती याचीच.

आता घरगुती उपायांकडे वळू. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय धुरीचा. गोवरीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला टाकला की डास हटतात. परंतु धूर निवला की ते परत येतात; शिवाय तो धूर डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणून धुरी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन आणि थोडाच वेळ करावी. दमेकरी माणसाजवळ तर करूच नये.

दुसरा उपाय तेलाचा. भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेलात शेकडा २ भाग निंबोळीचे तेल मिसळून अंगाला लावले, तेव्हा अ‍ॅनोफिलीस डासांपासून चांगले संरक्षण मिळाले. मात्र प्रत्येक जातीच्या डासावर सारखाच गुण येत नाही आणि घामाबरोबर तेल उतरते. ते आधी मनगटावर थोडे लावून पाहावे. आग झाली तर लावू नये. तान्ह्या मुलांना मुळीच लावू नये.

तिसरी समजूत अशी, की तुळस किंवा गवती चहा लावला की डास येत नाहीत. झाड नुसते उभे असेल तर त्याचा वास फारसा सुटत नाही. पाने चुरडली तरच तेल मोकळे होते आणि तेही लवकर उडून जाते. त्यापेक्षा फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे जुने कापड अंगावर असणे अधिक भरवशाचे, कारण एडिस गडद रंगाकडे ओढला जातो. आई कामाला जाताना बाबांचा जुना पांढरा सदरा चढवते, त्यात मोठेच शहाणपण आहे.

पण हे सगळे उपाय आलेल्या डासाला परतवण्याचे झाले. डास जन्मालाच येऊ नये, याचा उपाय पाण्यात आहे. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. त्या दिवशी पिंप, कुंडीखालची बशी, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फुटका डबा, सर्व रिकामे करायचे. वळवळणाऱ्या अळ्यांचे पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतावे. तेथे त्या मरतात. पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासलेच पाहिजे. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून महिनोन्‌महिने टिकतात. भरलेल्या पिंपावर धोतराचे फडके घट्ट बांधावे, रिकामा न होणारा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत, आणि अळवाखालचे सांडपाणी साचू न देता शोषखड्ड्यात जिरवावे. या कामाला खर्च जवळजवळ नाही, फक्त आठवण हवी.

मात्र एकट्या घराने कोरडा दिवस पाळून पुरत नाही. शेजारच्या पिंपातला डास आपले कुंपण मानत नाही. म्हणून आळीने एकच वार ठरवावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. यंदा प्रत्येक घरामागचे पिंप घासायला मदत केली, तर परसात वाकणाऱ्या कितीतरी आयांना आपल्या शिक्षणाचा उपयोग लगेच कळेल. आणि तोवर, मित्रहो, आपल्याच महाविद्यालयाच्या बागेतील कुंड्यांखालच्या बशा एकदा पाहून याव्यात.