वकिलीचे शिक्षण परवडते काय?

महाड-पोलादपूरच्या ज्या घरांतील कर्ता माणूस मुंबईला चाकरीस असतो, त्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतो : मुलाला किंवा मुलीला कायद्याला घालावे काय? बारावीनंतर पाच वर्षे, पदवीनंतर तीन. तेवढ्यात शेजारचा मुलगा कारखान्यात लागून घरी पैसे देऊ लागतो. तेव्हा बाप हिशेब करीत बसला, तर त्याला कोणी कोते म्हणू नये.

मात्र हा हिशेब बहुधा फीपाशी थांबतो, आणि तेथेच चुकतो. सनदेचे शुल्क तर आता किरकोळ आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरविले. म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५. खरा खर्च सनद हाती आल्यावर सुरू होतो. ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत कागद लावायचे, तारखा टिपायच्या, आणि पक्षकार आपल्याकडे पाहतो कधी याची वाट पाहायची. नवशिक्या वकिलास ग्रामीण भागात दरमहा १५,००० रुपये द्यावेत, असे बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचविले खरे. पण ती शिफारस आहे, हुकूम नव्हे.

ही उमेदवारी थोरांनाही चुकली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा कोलंबिया आणि लंडन येथील विद्या त्यांच्या पदरी होती. तरी १९२५ ते १९२८ या काळात ते एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, आणि जून १९२८ पासून सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते. नुसत्या वकिलीवर संसार टाकू नये, हा धडा यात आहे असे आम्हांस वाटते.

आणि फळ? तेही आपल्याच गावात पाहा. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लागला. त्याचा निकाल जून १९३१ मध्ये लागला. पुढे ठाण्यास अपील झाले, मग मुंबई हायकोर्टात, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आले नाही. ओंजळभर पाण्याचा हक्क कोर्टात टिकायला दहा वर्षे लागली. पुरावा जपणारा, तारखेला न कंटाळणारा माणूस नसता, तर तो टिकता ना.

अशा माणसाची गरज आजही संपलेली नाही. आमच्याकडे दोन-अडीच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही हयातही नाहीत. महामार्गासाठी जमीन गेली की मोबदला कोणाचा यावरून भाऊ भाऊ बोलेनासे होतात. ऑगस्ट २०२० मध्ये महाडात इमारत कोसळली, जुलै २०२१ मध्ये तळिये गावावर दरड आली. अशा घरांतून मागे राहिलेल्यांना वारसाचा कागद समजावून सांगणारा कोणी जवळ लागतो. तो मुंबईहून येत नाही.

म्हणून आमचे मत असे. सनदेनंतर चार-पाच वर्षे घराला त्या मुलाच्या मिळकतीवाचून चालणार असेल, किंवा त्याला शिकवणीसारखे जोडकाम असेल, तर जरूर घालावे. कर्ज काढून, लगेच पैसा येईल या भरवशावर घालू नये. दुसरीकडे कोठे प्रवेश मिळाला नाही म्हणून तर मुळीच नाही. न्यायाधीश होऊ म्हणणाऱ्यांसही हीच वाट आहे. दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांची वकिली हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला.

अर्ज भरण्यापूर्वी मुलाने आठवडाभर महाडच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून यावे. कोर्टाचे दार सर्वांस उघडे असते. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी जावे म्हणजे झाले, आणि जेवणाचा डबा बरोबर न्यावा. पुकारा कधी होईल याचा नेम नसतो.