दोनदा शेवटचा नंबर, मग थेट चॅम्पियन. पुणेरी पलटणच्या 10 सीझनची गोष्ट

1 मार्च 2024. हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगच्या 10 व्या सीझनची फायनल सुरू होती. समोर हरियाणा स्टीलर्स. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा बोर्डावर आकडे होते 28-25, आणि पुणेरी पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली होती.

लीग सुरू झाली 2014 मध्ये. म्हणजे सातिवलीपासून सांगलीपर्यंत जिथे जिथे कबड्डी बघितली जाते, तिथल्या पुण्याच्या फॅन्सनी या एका ट्रॉफीसाठी 10 सीझन वाट पाहिली. एवढा वेळ का लागला? आणि 10 व्या सीझनला असं काय जुळून आलं?

पुणे आणि कबड्डीचं नातं जुनं आहे

कबड्डीला नियमांची चौकट मिळाली ती महाराष्ट्रात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुतुतूचे लिखित नियम तयार करण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी हा खेळ देशभर आणि आशियात पोहोचवला. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. 1990 च्या बीजिंग एशियन गेम्सपासून कबड्डी पदकाचा खेळ झाला.

त्यामुळे प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या दोन्ही टीमकडून मोठ्या अपेक्षा होत्या. एक यू मुंबा, दुसरी पुणेरी पलटण.

मुंबई जोरात, पुणे तळाला

अनुप कुमारच्या कॅप्टन्सीखाली यू मुंबा पहिल्या तिन्ही सीझनला फायनलमध्ये पोहोचली. 2014 ला जयपूर पिंक पँथर्सकडून हरली, 2015 ला बंगळुरू बुल्सला 36-30 असं हरवून चॅम्पियन झाली आणि तिसऱ्या सीझनला पटना पायरेट्सकडून अवघ्या 3 पॉइंट्सनी हरली.

आणि पुणे? पहिल्या सीझनला 8 टीममध्ये आठवा नंबर. दुसऱ्या सीझनलाही आठवाच.

तिसऱ्या सीझनला मनजीत छिल्लर कॅप्टन म्हणून आला आणि चित्र बदललं. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनला पलटण तिसरी आली. पाचव्या सीझनला, दीपक हुडा कॅप्टन असताना, प्लेऑफपर्यंत गेली. पण नंतर पुन्हा घसरण झाली. सहाव्या आणि सातव्या सीझनला प्लेऑफही हुकलं.

मग बदललं काय?

दोन गोष्टी.

पहिली, घरची पोरं. पलटणने बाहेरून महागडे स्टार आणण्यापेक्षा तरुण खेळाडू घडवण्यावर भर दिला. त्यासाठी 'युवा पलटण' उभी केली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही नावं आधी फारशी कुणाला माहीत नव्हती. पुढे हेच पलटणचे मुख्य रेडर झाले.

याचा पैशांच्या गणितातही फायदा होतो. 10 व्या सीझनला प्रत्येक टीमला खेळाडूंवर 5 कोटींपर्यंतच खर्च करता येत होता. नव्या तरुण खेळाडूंना कमी पैशांत टीममध्ये ठेवता येतं, त्यामुळे उरलेली रक्कम एखाद्या मोठ्या नावावर लावता येते.

दुसरी गोष्ट, कोच बी. सी. रमेश. 2019 ला बंगाल वॉरियर्सला चॅम्पियन करणारे हेच. ते आल्यावर नवव्या सीझनला, 2022 मध्ये, पलटण पहिल्यांदा फायनलला पोहोचली. तेव्हा इराणचा फझल अत्राचली कॅप्टन होता. मुंबईत झालेल्या या फायनलमध्ये जयपूरने 33-29 असं हरवलं. फक्त 4 पॉइंट्सचा फरक.

2.35 कोटींचा डाव

ऑक्टोबर 2023. हांगझोऊ एशियन गेम्सच्या फायनलमध्ये भारताने इराणला 33-29 असं हरवून गोल्ड जिंकलं. भारताच्या टीममध्ये अस्लम होता, तर इराणच्या टीममध्ये डिफेंडर मोहम्मदरेझा शादलू.

दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पुण्याने त्याच शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले. एका परदेशी खेळाडूवर तोपर्यंत लागलेली ही सगळ्यात मोठी बोली होती. टीमचं जवळपास निम्मं बजेट एकाच माणसावर! कॅप्टन मात्र केलं अस्लमला.

हा डाव लागला का, ते आकडेच सांगतात. लीगमधल्या 22 मॅचपैकी पलटणने 17 जिंकल्या, 3 बरोबरीत सुटल्या आणि फक्त 2 हरल्या. तेव्हा जिंकल्यावर 5, बरोबरीला 3 आणि 7 किंवा त्याहून कमी पॉइंट्सनी हरल्यास 1 असा हिशोब होता. पुण्याचे झाले 96. म्हणजे ज्या दोन मॅच हरले, त्याही थोडक्यात. पॉइंट्स टेबलमध्ये पहिला नंबर.

सेमी फायनलमध्ये तीन वेळा चॅम्पियन राहिलेल्या पटना पायरेट्सला 37-21 असं लोळवलं. फायनलमध्ये पहिल्या हाफमध्ये पंकज मोहितेने एकाच रेडमध्ये 4 पॉइंट्स काढले. एका रेडमध्ये 3 किंवा जास्त पॉइंट्स आले की त्याला सुपर रेड म्हणतात. दोन्हीकडचे डिफेंडर एकेक पॉइंट अडवत असताना ही एक रेड फार महागाची ठरली, कारण मॅचचा निकाल लागला फक्त 3 पॉइंट्सनी.

सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. 99 टॅकल पॉइंट्स घेऊन सर्वोत्तम डिफेंडर ठरला शादलू.

ट्रॉफीनंतर काय?

पुढच्याच लिलावात शादलू हरियाणाकडे गेला, 2 कोटी 7 लाखांना. 11 व्या सीझनला अस्लम जखमी झाला आणि गतविजेती पलटण प्लेऑफच्या बाहेर राहिली. 29 डिसेंबर 2024 ला फायनल पुण्यातच, बालेवाडीला झाली. ट्रॉफी उचलली हरियाणाने आणि त्या टीममध्ये शादलू होता. घरच्या मैदानावर आपल्याच जुन्या हिरोला दुसऱ्यांची ट्रॉफी उचलताना बघणं पुण्याच्या फॅन्ससाठी सोपं नव्हतं.

12 व्या सीझनला अजय ठाकूर कोच झाला. अस्लमच्या टीमने पुन्हा फायनल गाठली. पण 31 ऑक्टोबर 2025 ला दबंग दिल्लीने 31-28 असं हरवलं.

थोडक्यात, पुण्याने तीन फायनल खेळल्या आणि एक जिंकली. यू मुंबाचाही हिशोब अगदी हाच आहे. फरक इतकाच की मुंबईच्या तिन्ही फायनल पहिल्या तीन सीझनमधल्या, तर पुण्याच्या तिन्ही शेवटच्या चार सीझनमधल्या. त्यामुळे महाराष्ट्रातली पुढची ट्रॉफी कुठे येणार यावर पैज लावायची असेल, तर सध्या पारडं पुण्याकडेच झुकतंय.